संत्र्याला ताण

"किती वर्षं राहसान?"

अमरावतीला शाळेत नोकरी लागली तेव्हा खोली शोधताना बऱ्याच घरमालकांनी मला बरेच प्रश्न विचारले होते. एकटीच का, लग्न का नाही झालं, मटण शिजवणार का, भाऊ म्हणून कोण कोण येणार. पण हा प्रश्न, आणि तोही माझ्याकडे न बघता अंगणातल्या एका मोकळ्या जागेकडे बघत, फक्त काकाजींनी विचारला. मी म्हटलं, बदली होईपर्यंत, तीन-चार वर्षं तरी. त्यावर ते त्या मोकळ्या जागेभोवती एक चक्कर मारून आले, चपलेच्या टोकानं माती उकरून पाहिली आणि म्हणाले, "आवडते काय तुमाले?"

मला वाटलं जेवणाचं विचारतात. म्हटलं, भाजी-भाकर काहीही चालतं.

"फळ म्हनतो मी."

"सफरचंद," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तेच आवडायचं. काकाजींचा चेहरा असा उतरला की ही खोलीही गेली असं मी धरून चालले. तेवढ्यात त्यांच्या घरच्या, म्हणजे काकू, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "घाबरू नको वं बाई," त्या म्हणाल्या, "ह्याइले भाडेकरू नाही पायजे, माळी पायजे."

वरच्या खोलीचा नियमच तसा होता. जो राहायला येईल त्यानं अंगणात एक फळझाड लावायचं आणि राहील तोवर त्याला पाणी घालायचं. झाड कुठलं, ते काकाजी ठरवणार. वर्षा-दीड वर्षाच्या माणसाला पपई. तीन-चार वर्षांवाल्याला पेरू नाहीतर लिंबू. त्याहून जास्त मुक्काम असेल तर चिकू. आंब्याची मात्र भाडेकरूला बंदी होती. "आंबा मनात आसन तं सोताचं घर बांधा," ते म्हणायचे, "भाड्याच्या घरात आंबा लावू नये, जीव अडकते." माझं तोंड थोडा वेळ न्याहाळून त्यांनी मला लिंबू दिलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. पुढे ओळख वाढली तसं सगळ्यांचंच मत पडलं की निवड चुकली नव्हती.

त्या अंगणातल्या झाडांना भाडेकरूंची नावं होती. विहिरीजवळचा पेरू म्हणजे बँकवाले. कुंपणाकडचा चिकू म्हणजे तहसीलवाले. न्हाणीमागच्या दोन पपया म्हणजे नर्सबाई. पहिली पपई नर निघाली म्हणून बिचारीला दुसरी लावावी लागली होती. बँकवाले बदलून बुलढाण्याला गेले त्याला किती तरी वर्षं झाली होती, पण काकाजी सकाळी चहा पिता पिता सांगायचे, "बँकवाले यंदा लय भरले, पन किडे पडले त्याइले." नवखा पाहुणा हे ऐकून कप खाली ठेवायचा. मग काकाजी त्या बँकवाल्यांना खरोखरच फोन लावायचे. "साहेब, तुमी पिकून राह्यले. कवा येता?" साहेब काही यायचे नाहीत. मग पेरूंची पिशवी एसटीच्या कंडक्टरच्या हातात जायची, आणि गाडी हलेपर्यंत काकाजी खिडकीखाली उभं राहून त्याला पिशवी सीटखाली ठेवू नको, दाबल्या जाईल, असं बजावत राहायचे.

लिंबाचं रोप आणायला ते मला मोर्शी रस्त्यावरच्या एका नर्सरीत घेऊन गेले. नर्सरीवाल्यानं त्यांना बघताच चहा मागवला आणि आत खुर्ची टाकली. मला वाटलं, काय मान आहे माणसाचा. नंतर कळलं की काकाजी बाहेर उभे राहिले तर त्याची गिऱ्हाइकं परत जायची, म्हणून तो त्यांना आत कोंडून ठेवायचा. त्या दिवशी चहा यायला उशीर झाला. गाडी घेऊन आलेल्या एका कुटुंबानं पिशवीतलं आंब्याचं कलम पसंत केलं होतं, त्याला चक्क एक कैरी लटकत होती आणि पोरं तिच्यासोबत फोटो काढत होती. काकाजी तिथे गेलेच.

"भाऊ, हा आंबा कोनाचा?"

"आमचाच आता," ते गृहस्थ हसून म्हणाले.

"नाही. हा नर्सरीवाल्याचा आहे. तुमचा आंबा ह्याच्या मांगून आला पायजे, आन तो यायचा नाही. आंगात दम याच्या आधीच लेकरू धरलं ह्यानं. कैरी तोडा आन मंग न्या, नाहीतं ते बिनाकैरीचं न्या."

बिनाकैरीचं कुणाला हवं असतं? ते कुटुंब काहीच न घेता गेलं, आणि नर्सरीवाला कपाळाला हात लावून बसला. माझ्यासाठी मात्र काकाजींनी तासभर रोपं चाळली. उंच रोपांकडे बघितलंही नाही. गुडघ्याएवढं, पण बोटभर जाड बुंध्याचं एक उचललं, कलम कुठे बांधलंय ते अंगठ्यानं चाचपलं, पिशवी उलटी करून मुळ्या बाहेर आल्यात का पाहिलं. आणि परत येताना रिक्षात ते माझ्या मांडीवर ठेवायला लावलं. "ओळख होऊ द्या," म्हणाले. माझी नवी साडी मातीनं भरली.

पहिल्याच दिवशी मी उत्साहानं बादलीभर पाणी त्या रोपाच्या बुंध्यावर ओतलं. थोड्या वेळानं काकाजी पाण्याचा पेला घेऊन वर आले आणि मला विचारलं, "हे तुमच्या डोस्क्यावर ओतू का?" मग खाली नेऊन दाखवलं. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा करायचा, म्हणजे पाणी अंगाला लागत नाही, नाहीतर लिंबू-संत्र्याला डिंक फुटतो. आणि दुपारी झाडाची सावली जिथवर पडते तिथे गोल आळं. झाड वाढलं की सावली वाढते, सावली वाढली की आळं बाहेर सरकवायचं. पाणी त्या कडेला. "तोंड तिकडे आहे त्याचं," असं म्हणून ते आळ्याची माती हातानं थापटत राहायचे. झाडांशी बोलताना त्यांची भाषा बदलायची. आमच्याशी ते कचेरीतली तुमी-आमी बोलायचे, झाडांशी मात्र गावची, अरे-तुरेची. मी वरून ऐकत असायचे. "काऊन रे, काय झालं? काल तं मस्त होता."

पाण्याच्या बाबतीत हा माणूस जरा वेडाच होता, असं सगळी कॉलनी म्हणायची. हा प्लॉट घेताना त्यांनी म्हणे रस्ता पाहिला नाही, नालीही पाहिली नाही. जिथे जिथे जागा दाखवतील तिथे शेजारच्या घराचं दार वाजवून प्यायला पाणी मागितलं, आणि जिथलं गोड लागलं तिथे प्लॉट घेतला. त्यांच्या विहिरीचं पाणी खरंच गोड होतं. उन्हाळ्यात फाटकाबाहेर रांजण असायचा. दारात कोणीही येवो, आधी पाणी. वीजबिलाचा माणूस असो की देणगी मागणारा, तांब्या हातात मिळाल्याशिवाय त्याला तोंड उघडू द्यायचे नाहीत. पेल्यात उरलेलं पाणी मोरीत गेलं तर त्यांचा जीव कळवळायचा. ते कुठल्या तरी झाडाला जायला हवं.

पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेण्याचा त्यांना इतका ध्यास होता की सुरुवातीच्या शेतांतली मोठी मंडळी त्यांच्यावर कायम खार खाऊन असत, आणि त्यामुळे त्यांच्या बदल्याही फार झाल्या. हे काकूंनी सांगितलं. स्वतः ते खात्याबद्दल एकच सांगायचे: "गेट बंद कराचं काम माह्याच्यानं कधी नीट झालं नाही."

आता मी अकोल्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. नळ कधी येईल त्याचा नेम नसतो, म्हणून न्हाणीघरात ड्रम आणि स्वयंपाकघरात घागरी. बाल्कनीत एक तुळस आहे, एक कढीपत्ता आहे. चांगलं घर आहे, माझ्या नावावर आहे, कुणी जा म्हणणार नाही. पण सकाळी कधी कधी विहिरीवर बादली आपटल्याचा आवाज ऐकू आल्यासारखा होतो आणि मग दिवसभर कशात मन लागत नाही. मला परत त्या घरात भाडेकरू व्हावंसं वाटतं. ते होणार नाही हे मला माहीत आहे.

एवढ्या भाडेकरूंमध्ये घरच्या माणसाचं झाड एकच होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचं संत्र्याचं. ते काकूंचं. काकूंचं माहेर वरुडकडचं. त्यांच्या वडिलांनी उभं आयुष्य दुसऱ्याच्या बागेत राबून उतारवयात स्वतःची लहानशी बाग उभी केली होती. त्या बागेत विहिरीच्या काठी एक झाड होतं, त्याच्या संत्र्याची साल सैल, आणि फोड तोंडात टाकली की नुसता रस, असं काकू सांगायच्या. त्याच झाडाचा डोळा दुसऱ्या रोपावर बांधून भावानं त्यांना हे कलम करून दिलं होतं. पुढे त्या भागात बोअर खोल खोल जात राहिल्या, विहीर आटली, बाग वाळली, आणि एका उन्हाळ्यात भावानं ती तोडून टाकली. आई-वडील आधीच गेले होते. भाऊही मुलाकडे राहायला परराज्यात गेला. काकूंच्या माहेरचं म्हणून जे काही होतं ते आता खिडकीसमोर उभं होतं.

आणि ते फळत नव्हतं. देखणं म्हणाल तर कॉलनीत तसं झाड नव्हतं, गर्द हिरवं, जमिनीपर्यंत भरलेलं. फूल मात्र नाही. चुकून एखाद-दुसरं यायचं आणि गळून जायचं. रस्त्यानं जाणारा कुणीही माणूस फाटकातूनच निदान करून जायचा: "काकाजी, ह्याले तान द्या."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. संत्रं हे मोठं विचित्र झाड आहे. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत त्याला बारमाही पाणी मिळालं की ते नुसती पानं काढत बसतं. फूल हवं असेल तर थंडीत त्याचं पाणी पार तोडावं लागतं, महिनाभर, कधी त्याहून जास्त. पानं मलूल होतात, कडेनं वळतात, काही गळून पडतात. आता आपलं काही खरं नाही असं झाडाला वाटायला लागतं. तेव्हा पाणी द्यायचं, आणि मग ते अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात, आणि शेवटी पाणी सोडणं म्हणजे ताण तोडणं. वरुड-मोर्शीकडचं शेंबडं पोरही हे जाणतं. काकाजींना कुणी शिकवायची गरजच नव्हती. शेजारच्या भाऊंच्या दारात संत्र्याची दोन झाडं होती, त्यांना ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा हे भाऊ काकाजींनाच विचारायचे. दर वर्षी भाऊंकडून पिशवीभर संत्री यायची. काकू ती सगळी वाटून टाकायच्या. स्वतः एकही खायच्या नाहीत.

मी राहायला आले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात काकूंनी ठरवलं, यंदा ताण द्यायचाच. पाइप गुंडाळून कपाटात ठेवला, आळं मोडून सपाट केलं. काकाजींनी मान डोलावली. "बरोबर आहे. बंद म्हंजे बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संत्र्याखाली दात घासताना दिसले. तोंडही तिथेच धुतलं, चांगलं दोन तांबे. दुपारी पालकाची जुडी धुवायला त्यांना तीच जागा बरी वाटली. मग सायकल. निवृत्त झाल्यापासून त्या सायकलीला त्यांनी फडकं लावलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात ती रोज धुतली गेली, संत्र्याला टेकवून. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "मी झाडाले थेंब नाही देल्ला. सायकल धुतली."

"सायकलीले बहर येनार आहे का?" काकू म्हणाल्या.

सायकलीलाही आला नाही आणि झाडालाही नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात काकूंनी त्यांनाच अकोल्याला मुलीकडे धाडून द्यायचं ठरवलं. महिनाभर तिकडेच राहायचं, नातवंडांना शाळेत सोडायचं, ताण तुटल्यावर परत यायचं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. निघण्याआधी त्यांनी बँकवाल्यांना, तहसीलवाल्यांना, माझ्या लिंबाला पोटभर पाणी दिलं आणि संत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, यंदा जमणार.

आठवडा झाला नसेल. मी जिन्याच्या कठड्यावर कपडे वाळत घालत होते, दुपारची वेळ, आणि फाटक वाजलं. काकाजी आले होते. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही, घरात शिरले नाहीत, सरळ विहिरीवर गेले, बादली सोडली आणि संत्र्याला ओतली. परत सोडली, परत ओतली. झाडानं तेव्हा कुठे पानं जराशी वळवायला घेतली होती. काकू खिडकीत उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या, आणि मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. आवाज चढला नव्हता.

"एवढंच मांगतलं होतं तुमाले," त्या म्हणाल्या. "माह्या बापाचं दुसरं काही राह्यलं नाही. त्या झाडाचा एक संत्रा खायाचा होता मले मराच्या आधी. तुमी साऱ्या जगाले पानी पाजता. मले एक संत्रा नाही देऊ शकत."

काकाजी विहिरीच्या कठड्यावर बसले. बराच वेळ बादलीचा दोर हातात गुंडाळत राहिले. "पोरीकडे नळ रोज येत नाही," ते म्हणाले. "तिच्या घरी कमी नाही काही, टाकी भरली आसते. पन खाली बाया ड्रम घेऊन बसून राहत. मी वरून पाहो. मंग मले जेवन नाही जाये."

पुढचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. काकूंना ते आधीपासून माहीत असणार.

"आमचं गाव अकोटच्या खाली, खारपानातलं. जिथं खांदा तिथं खारं पानी. गोड्या पान्याची विहीर एकच, तिले आमाले हात लावाची सोय नव्हती. माही माय घागर घेऊन दूर बसे, मी तिच्याजवळ. कोनाच्या मनात आलं तं वरून ओतून दे. नाही आलं तं नाही. एक डाव उन्हाळ्यात सकाळपासून बसलो. बाया येत, आपलं भरत, जात. कोनी वाईट नाही बोललं. कोनी पाह्यलंच नाही आमच्याकडे. दुपारी माय उठली, रिकामी घागर घेतली, आन मले म्हने, चाल, आज त्याइले घाई आसन."

त्यांनी दोर सोडवून परत गुंडाळला. "मंग धम्म घेतल्यावर आमच्या लोकायनं सोताची विहीर खांदली. समद्यायनं मिळून. पानी लागलं तवा नाचलो आमी. तोंडात घेतलं तं खारं. मंग तेच पेलो, नळ येईस्तोवर."

"ते झाड आहे," काकू म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता. "त्याले कोनी विहिरीवरून हाकलून नाही राह्यलं."

"मले समजते ते. माह्या हाताले नाही समजत. झाड मान टाकून उभं आहे आन बादली माह्याजवळ आहे. काय करू मी?"

काकूंनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि आत नेली. संध्याकाळी त्यांना आवडतं तसं झणझणीत पिठलं केलं. त्यानंतर ताणाचा विषय त्या घरात मी कधी ऐकला नाही. दर डिसेंबरात पाइप संत्र्याखाली वाहत राहायचा, आणि काकू खिडकीपाशी भाजी चिरताना मधेच हात थांबवून त्या झाडाकडे बघत राहायच्या. दोघांचंही खरं होतं.

माझी बदली अकोल्याला झाली तेव्हा माझ्या लिंबाला पहिली फळं धरली होती. नंतरची कित्येक वर्षं काकाजींचा फोन यायचा. "म्याडम, यंदा तुमी गंज लागल्या, झाड वाकलं पार. लोनचं घालतो तुमचं." मग माझंच लोणचं मला एसटीनं यायचं. मोबाइलवर फोटो पाठवायला शिकले तेव्हा आठवड्याला माझा एक फोटो यायचा, कधी फुलावर, कधी पानं खाल्लेली. शाळेतल्या बायका विचारायच्या, हे कोण तुम्हाला झाडांचे फोटो पाठवतं? मी सांगायचे, माझे घरमालक. घर सोडलं म्हणून काय झालं.

गेल्या वर्षी डिसेंबरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना नागपूरला हलवलं. काकू सोबत गेल्या, मुलगीही गेली. वरची खोली तेव्हा रिकामी होती. घराला कुलूप लागलं, फाटकाची किल्ली शेजारच्या भाऊंकडे. मी नागपूरला भेटायला गेले तेव्हा काकाजी झोपूनच भाऊंशी फोनवर बोलत होते. "समद्याइले देल्लं ना पानी?" भाऊ पलीकडून सांगत होते, "देल्लं, काकाजी. तुमी काळजी नका करू." फोन ठेवून ते मला म्हणाले, "चांगला मानूस आहे." मग माझ्या तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत ऊन किती येतं ते विचारलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, कुंडीत अंजीर जमेल. मी लावते म्हटलं. जानेवारीत ते गेले.

पुण्यानुमोदनाला मी अमरावतीला पोचले तेव्हा अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, भंतेजींचं वंदनेचं पठण सुरू होतं. पेरू, चिकू, माझं लिंबू, सगळी झाडं ताजी, टवटवीत. संत्र्याचं झाड मात्र ओळखू येईना. पानं कडेनं वळलेली, निम्मी खाली पडलेली, आणि आळ्यात भेगा. भाऊ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे लाल होते. "मीच तोडलं पानी," ते हळूच म्हणाले. "डिसेंबर होता. तानाचा टाइम. बाकी समद्याइले रोज देल्लं. म्हटलं, काकाजी घरी नाही, काकूले एक डाव तरी संत्रा भेटन."

डिसेंबरात संत्र्याला पाणी घालायचं आमच्याकडे कुणाच्या हातून होत नाही. एकाच माणसाच्या हातून व्हायचं.

सगळे गेल्यावर काकू विहिरीवर गेल्या. मी बादली धरायला पुढे झाले तर म्हणाल्या, राहू दे. त्यांनी स्वतः पाणी ओढलं आणि आळं भरेपर्यंत ओतत राहिल्या. ताण तोडायची तीच वेळ होती, पण त्यांच्या मनात तेव्हा ताण नव्हता. नवरा पाणी घालायचा म्हणून त्या पाणी घालत होत्या.

फेब्रुवारीत काकूंच्या मुलीचा फोन आला. झाड पांढरं झालं होतं, फांदी दिसत नव्हती, रस्त्यापर्यंत वास जात होता आणि लोक थांबून बघत होते. "आई स्वयंपाकघराची खिडकी उघडतच नाही," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. अंजीर मी अजून लावलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर काकू मुलीकडे अकोल्याला आल्या, आणि एका दुपारी पिशवी घेऊन तीन जिने चढून माझ्याकडे आल्या. पिशवीत संत्री होती. त्यांनी एक सोललं, साल हातात अलगद सुटून आली. एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून बसल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या एका फोडीसाठी एवढी वर्षं गेली होती.

"तेच आहे," त्या म्हणाल्या. "विहिरीजवळचंच."

मला रडू आवरेना. त्या मात्र शांत होत्या. उरलेलं संत्रं त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, खा, गोड आहे. गोड होतं. तसं संत्रं मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

हा आत्ताचा डिसेंबर. पेपर तपासायच्या कामाला अमरावतीला गेले होते, संध्याकाळी काकूंकडे गेले. भाऊंच्या दारातली दोन्ही झाडं ताणावर होती, पानं लोंबलेली. काकूंचं फाटक उघडं होतं. त्या पाटावर बसल्या होत्या, संत्र्याच्या आळ्यात पाइप सोडलेला, आळं काठोकाठ भरलेलं. झाड पुन्हा पहिल्यासारखं गर्द हिरवं झालं होतं.

"काकू, डिसेंबर आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

मी त्यांच्याजवळ पायरीवर टेकले. आधी त्यांनी मला आत जाऊन पाणी पिऊन यायला लावलं. मग म्हणाल्या, "मीबी तोडलं होतं पानी. म्हटलं, आता आडवं येनारं कोनी नाही. पाइप गुंडाळून ठेवला, आळं मोडलं. खिडकीतून रोज पाहो. मंग पानं वळाले लागली." त्यांनी पदरानं हात पुसले. "सकाळी चहा टाकला, आन तो तसाच ठेवून बाहेर आली. पाइप लावला. नाही जमलं बाई मले."

"मग यंदा संत्री?"

"नाही येत. यंदाबी नाही, पुढच्या सालीबी नाही." पाणी आळ्याच्या एका बाजूला साचलं होतं. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पाइप उचलून झाडाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला. तिथेच माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"इतके वर्षं बोल लावला मी त्याइले," त्या म्हणाल्या.